माळ्यावरचा लॅपटॉप मायक्रोकंट्रोलरच्या कामाला लावायचा तर

श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही वाडीत चार घरं फिरलात, तर एखाद्या तरी माळ्यावर जुना लॅपटॉप सापडतोच. मुंबईच्या चाकरमान्याने गणपतीला येताना ‘पोरांना होईल’ म्हणून आणलेला, वर्ष-दोन वर्षं वापरून बाजूला पडलेला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबला. त्यामुळे विंडोज ११ न चालणारी आणखी बरीच मशिनं आता माळ्याची वाट धरतील.

हीच मशिनं मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपमध्ये मावलेला छोटा संगणक, शिकायला सर्वांत योग्य आहेत. आर्डुइनो ऊनो हा शिकणाऱ्यांसाठीचा बोर्ड, म्हणजे अशी चिप बसवलेली पट्टी. त्यावरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये प्रोग्रामसाठी जागा ३२ केबी, रॅम २ केबी, वेग १६ मेगाहर्ट्झ. प्रोग्राम चालतो तो बोर्डवर. लॅपटॉपने तो लिहून घ्यायचा, कंपाइल करायचा, म्हणजे चिपला कळेल अशा रूपात बदलायचा, आणि यूएसबीतून पाठवायचा, एवढंच. पंधरा वर्षांपूर्वीचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर हे काम आरामात करतो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घरात एकच चांगला लॅपटॉप असतो, त्यावर कुणाचं तरी ऑफिस किंवा कॉलेज चालतं. वायर चुकली आणि पोर्ट गेला तर काय, या धास्तीने मूल बोर्डला हातच लावत नाही. जुना लॅपटॉप याच कामासाठी बाजूला काढून दिला की ती धास्ती जाते, आणि अर्धवट सोडलेली जोडणी टेबलावर तशीच राहू शकते.

चालू करण्याआधी

माळ्यावरून काढला आणि लगेच बटण दाबलं, असं करू नका. आपल्याकडची हवा दमट आणि खारी. समुद्रावरून येणारे मिठाचे बारीक कण धुळीबरोबर आत जाऊन बसतात, पावसाळ्यात ओलावा शोषतात आणि त्या ओल्या थरातून वीज वाहू लागते. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीसारख्या ठिकाणी बंद पडलेली बरीच मशिनं खरं तर एवढ्यानेच अडलेली असतात.

आधी बॅटरी पाहा. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतो का, टचपॅड वर उचललाय का, खालचं झाकण फुगलंय का? यातलं काहीही दिसलं तर बॅटरी काढा, टोचू नका, दाबू नका, पुन्हा चार्ज करू नका. ती कचऱ्याच्या खड्ड्यात किंवा खाडीत टाकायची नसते, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची. बहुतेक लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या ॲडाप्टरवर चालतात, आपल्याला तेवढं पुरतं.

मग खालचे स्क्रू काढून झाकण उघडा आणि मशीन एखादा दिवस कोरड्या खोलीत पंख्याखाली उघडं राहू द्या. कडक उन्हात किंवा चुलीजवळ नको, प्लास्टिक वाकतं. तांदळाच्या पिंपात ठेवायचा सल्ला हमखास कुणीतरी देतो. तो मानू नका. तांदळाने ओलावा फारसा ओढला जात नाही आणि कोंडा मात्र पंख्यात जातो.

आता रॅम. दोन्ही बाजूंच्या चिमट्या हलकेच बाहेर सारल्या की पट्टी तिरकी होऊन वर येते. तिच्या कडेला सोनेरी दातांची ओळ असते. चांगल्या पट्टीचे दात चकचकीत असतात. आपल्याकडच्या पट्टीवर बहुधा तपकिरी धुरकट पापुद्रा असतो, एखाद्या दातावर हिरवट ठिपकाही. पट्टी टेबलावर आडवी ठेवून शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने दात वरून खाली, एकाच दिशेने घासा. खोडरबराचा भुगा ब्रशने झाडा, मग मोबाइल दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पुसा. काडी काळी निघते ती पाहिलीत की मशीन का अडलं होतं ते कळेल. खाचेतही तोच हात फिरवा. हे सगळं करताना अधूनमधून एखाद्या उघड्या धातूला हात लावत जा, म्हणजे अंगातली स्थिर वीज चिपमध्ये उतरत नाही. थिनर आणि पेट्रोल अजिबात वापरू नका, ते प्लास्टिक खातं.

पंख्यातली धूळ ब्रशने काढा. पंखा जोराने फिरूनही मशीन तापून बंद पडत असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता बाहेर नेणारा लेप, बहुधा सुकली आहे. जुनी पुसून वाटाण्याएवढी नवी लावायची.

मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा नाण्यासारखा सेल असतो, तो मात्र न चुकता बदला. वीस-तीस रुपयांच्या या सेलकडे कुणी बघत नाही आणि पुढे घोडं तिथेच पेंड खातं. सेल संपला की लॅपटॉपचं घड्याळ प्रत्येक वेळी मागच्या कुठल्या तरी वर्षावर जातं. तारीख चुकीची असली की वेबसाइटची सुरक्षा-प्रमाणपत्रं अवैध ठरतात, आणि आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधला, बोर्डांची पॅकेजं उतरवणारा बोर्ड मॅनेजर ‘डाउनलोड झालं नाही’ एवढंच सांगतो. माणूस नेटवर्कला दोष देत बसतो.

जोडणी करण्याआधी मल्टिमीटर असेल तर ॲडाप्टरचा व्होल्टेज मोजा. बहुतेक जुन्या लॅपटॉपना १९ व्होल्टच्या आसपास लागतो, नेमका आकडा खालच्या स्टिकरवर असतो.

काय बदलायचं, काय नाही

हातात थोडे पैसे असतील तर ते आधी एसएसडीवर घाला. १२० किंवा २४० जीबीचा अडीच इंची साटा एसएसडी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसतो आणि लॅपटॉप ओळखू येत नाही इतका सुधारतो. शिवाय जुन्या डिस्कच्या फिरत्या तबकड्यांना मधेच लाईट गेलेली सोसत नाही, एसएसडीमध्ये फिरणारं काही नाही. रॅम २ जीबी असेल तर ४ करा, त्यापुढे जायची गरज नाही. स्क्रीन फुटलेला असेल तरी हरकत नाही. बाजूच्या व्हीजीए किंवा एचडीएमआय पोर्टला जुना मॉनिटर किंवा टीव्ही लावला की झालं. की-बोर्डची दोन-चार बटणं गेली असतील तर यूएसबी की-बोर्ड लावा. नवी बॅटरी घेऊ नका.

लिनक्स घालणं

विंडोज ७ किंवा १० तसंच ठेवून काम होतं, पण माझा आग्रह लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट प्रणालीचा आहे. जुन्या रॅममध्ये ते मावतं, आणि स्वस्त बोर्डांवरच्या सीएच३४० यूएसबी चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतो, वेगळा शोधावा लागत नाही.

मशीन ६४ बिटचं आहे का ते आधी पाहा. कोअर टू ड्युओ आणि पुढचे प्रोसेसर ६४ बिटचे असतात, लहान नेटबुकांमधले काही ॲटम ३२ बिटचेच. ६४ बिटला लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. ३२ बिटला डेबियन १२ किंवा अँटीएक्स. डेबियन १३ पासून ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद झाला आहे, तेव्हा नवी आवृत्ती म्हणून ती उतरवत बसू नका.

दुसऱ्या संगणकावर लिनक्सची आयएसओ फाइल उतरवून रुफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. नेट बरं असलेल्या ठिकाणी, तालुक्याला गेलात की, हे काम उरकून घ्या. फाइल जीबींच्या मापात असते. जुन्या डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा, नंतर ती परत मिळत नाहीत. मग पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करताना बूट मेन्यूचं बटण दाबत राहा. कंपनीनुसार ते एफ१२, एफ९ किंवा एस्केप असतं. आधी ‘लाइव्ह’ चालवून वायफाय, आवाज, की-बोर्ड तपासा, सगळं ठीक दिसलं की मगच इन्स्टॉल करा. डेबियन घालताना रूटचा, म्हणजे मुख्य यूजरचा, पासवर्ड विचारला तर तो रिकामा सोडा, म्हणजे तुमच्याच यूजरला सुडोचा, म्हणजे मशीनमध्ये बदल करायचा, अधिकार मिळतो.

आर्डुइनो आणि पोर्टची परवानगी

प्रोग्राम लिहून बोर्डवर पाठवायचं सॉफ्टवेअर म्हणजे आर्डुइनो आयडीई. तिची दुसरी आवृत्ती सप्टेंबर २०२२ मध्ये आली. दिसायला छान आहे, पण ती फक्त ६४ बिटवर चालते आणि रॅम भरपूर खाते. ४ जीबीच्या खाली असाल तर डिसेंबर २०२१ ची १.८.१९ घ्या. तिची ३२ बिटचीही आवृत्ती मिळते आणि शिकण्यासाठी तिच्यात काहीही कमी नाही. मात्र ती आर्डुइनोच्या मूळ साइटवरून घ्या. सॉफ्टवेअर मॅनेजरमधल्या फ्लॅटपॅक आवृत्तीला पोर्टपर्यंत पोचताना अडचणी येतात.

लिनक्समध्ये साध्या यूजरला सीरियल पोर्ट, म्हणजे बोर्डशी बोलायची वाट, उघडता येत नाही, त्यासाठी त्याला ‘डायलआउट’ गटात घालावं लागतं. टर्मिनल उघडा आणि सुडो, ॲडयूझर, तुमचं यूजरनाव, डायलआउट हे चार शब्द याच क्रमाने, मध्ये एकेक जागा सोडून, इंग्रजी लहान अक्षरांत (sudo adduser यूजरनाव dialout) टाइप करा. मग लॉगआउट करून पुन्हा आत या. नुसती खिडकी बंद करून भागत नाही. ‘परमिशन डिनाइड’ म्हणून हातपाय गाळणारे बहुतेक जण इथेच राहून गेलेले असतात.

आता बोर्ड जोडा. मूळ ऊनो ‘टीटीवायएसीएम०’ या नावाने दिसतो, सीएच३४० चा स्वस्त बोर्ड ‘टीटीवाययूएसबी०’ या नावाने. टूल्सच्या पोर्ट यादीत काहीच नसेल तर सर्वांत आधी केबल बदला. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेल्या कित्येक केबलींमध्ये फक्त विजेच्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतातच. बोर्डवरचा दिवा लागतो, म्हणून केबलवर संशय जात नाही.

केबल चांगली असूनही पोर्ट क्षणभर दिसून गायब होत असेल, तर ‘बीआरएलटीटीवाय’ (brltty) नावाचं पॅकेज काढून टाका. ते अंध व्यक्तींच्या ब्रेल यंत्रांसाठी आहे. सीएच३४० चा ओळखक्रमांक अशा एका यंत्राशी जुळतो, म्हणून ते बोर्डला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेतं. उबुंटू २२.०४ आणि त्यावर उभ्या असलेल्या मिंट २१ मध्ये हे सर्रास घडतं. घरात कुणी ब्रेल यंत्र वापरत असेल तर मात्र पॅकेज राहू द्या आणि वेगळ्या चिपचा बोर्ड घ्या.

फाइल, एक्झाम्पल्स, बेसिक्समधलं ‘ब्लिंक’ उघडा, टूल्समधून बोर्ड आणि पोर्ट निवडा, अपलोड दाबा. १३ क्रमांकाच्या पिनला जोडलेला ‘एल’ दिवा सेकंदभर चालू, सेकंदभर बंद व्हायला लागला की यंत्रणा उभी राहिली. वेळेचे आकडे १००० चे २०० करून पुन्हा पाठवा. बोर्डवर आधीपासूनच ब्लिंक भरलेलं असू शकतं. आपला बदल पोचला याची खात्री तेव्हाच होते.

‘नॉट इन सिंक’ अशी तांबडी ओळ आली तर घाबरू नका. बोर्डचा प्रकार चुकलाय का पाहा. नॅनो हा ऊनोचा छोटा भाऊ असेल तर प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडून पाहा, स्वस्त नॅनोंना बहुधा तेच लागतं. ० आणि १ क्रमांकाच्या पिनांना काही जोडलं असेल तर काढा, अपलोडिंग त्याच वाटेने होतं.

तरीही अडलं, तर दोष लॅपटॉपकडे की चिपकडे हे ठरवायची एक सुंदर परीक्षा आहे. एका जंपरने, म्हणजे जोडणीच्या छोट्या तारेने, बोर्डची रिसेट पिन ग्राउंडला जोडा, म्हणजे मुख्य चिप झोपून राहते. दुसऱ्या जंपरने ० आणि १ या पिना एकमेकींना जोडा. आयडीईतली बोर्डशी बोलायची खिडकी, म्हणजे सीरियल मॉनिटर, उघडून ‘आंबा’ टाइप करा आणि सेंड दाबा. ‘आंबा’ तसंच परत आलं, तर लॅपटॉप, केबल, ड्रायव्हर, परवानगी आणि यूएसबी चिप, पाचही ठीक आहेत आणि बिघाड पुढे आहे. काहीच आलं नाही, तर बोर्ड फेकायची घाई करू नका, मुख्य चिपच्या अलीकडे, या पाचांतच कुठेतरी अडलंय.

अपलोड चालू असताना लाईट गेली तर जीव टांगणीला लावू नका. नवा प्रोग्राम उतरवून घेणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, चिपच्या वेगळ्या भागात सुरक्षित असतो. लाईट आली की पुन्हा पाठवायचं.

नेटशिवाय काम

एकदा जमवलेलं पुन्हा उतरवायला लागू नये यासाठी एक युक्ती. आर्डुइनोने उतरवलेली सगळी बोर्ड-पॅकेजं होम फोल्डरमधल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये असतात. त्याचं नाव टिंबाने सुरू होतं आणि पुढे आर्डुइनो१५. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की तो दिसतो. तो पेनड्राइव्हवर ठेवा. त्याच प्रकारच्या दुसऱ्या लिनक्स मशीनवर होममध्ये नेऊन टाकला की तिथे बोर्ड तयार. शाळेतली चार जुनी मशिनं एका नेटकनेक्शनवर उभी करायला याहून सोपा मार्ग नाही. लायब्ररीच्या, म्हणजे सेन्सर वगैरेंसाठी आयत्या मिळणाऱ्या कोडच्या, झिप फाइलीही अशाच साठवा, त्या ‘ॲड झिप लायब्ररी’ने बसतात.

ईएसपी३२ आणि पिको

वायफायसाठी सगळे ईएसपी३२ या वायफाय अंगातच असलेल्या बोर्डकडे धाव घेतात. जुन्या लॅपटॉपवर तो चालतो, पण त्याचं पॅकेज काहीशे एमबींचं असतं आणि पहिलं कंपाइल होईपर्यंत चहा होतो. पुढची थोडी लवकर होतात. म्हणून दुबळ्या मशीनवर मी मायक्रोपायथॉन, म्हणजे पायथॉन भाषेचं बोर्डसाठीचं छोटं रूप, सुचवतो. त्यात लॅपटॉपला कंपाइल करावंच लागत नाही, लिहिलेला मजकूर बोर्ड स्वतः वाचून चालवतो.

यासाठी जानेवारी २०२१ मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड उत्तम. त्याच्या आरपी२०४० चिपमध्ये २६४ केबी रॅम आहे. बूटसेल बटण दाबून ठेवून केबल लावली की तो पेनड्राइव्हसारखा दिसतो. त्यात मायक्रोपायथॉनची यूएफ२ फाइल ओढून टाकली की झालं. मग सॉफ्टवेअर मॅनेजरमधून थॉनी हे पायथॉन लिहायचं सॉफ्टवेअर घ्या, त्याच्या इंटरप्रिटरच्या यादीत पिको निवडा आणि एकेक ओळ लिहून एंटर दाबत जा. दिवा त्याच क्षणी लागतो. आठवी-नववीच्या मुलांना हे आर्डुइनोपेक्षा लवकर कळतं, असं मी पाहिलंय.

पिको आणि ईएसपी३२ दोन्ही ३.३ व्होल्टचे. ऊनोची ५ व्होल्टची सेन्सर-जोडणी जशीच्या तशी त्यांना लावलीत तर पिन जाते. ईएसपी३२ मध्येच बंद पडून ‘ब्राउनआउट’ म्हणत असेल, तर वायफाय सुरू होताना लागणारा विजेचा झटका जुन्या पोर्टला झेपत नाहीये. यूएसबी २ च्या पोर्टची मर्यादा ५०० मिलीअँपिअरच असते.

पोर्ट वाचवा, माणूस वाचवा

ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा खोचून जोडणी करायच्या भोकांच्या पाटीवर, ५ व्होल्ट आणि ग्राउंड चुकून एकत्र येणारच. मूळ ऊनोवर स्वतःहून पूर्ववत होणारा फ्यूज असतो, स्वस्त बोर्डांवर तो असेलच असं नाही. म्हणून स्वतःचा ॲडाप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावा. मोटर, सर्व्हो, पंप यांना वीज वेगळ्या ॲडाप्टरने द्या, फक्त ग्राउंड एकत्र जोडा. ऊनोच्या एका पिनमधून २० मिलीअँपिअरच्या वर घेऊ नका.

विहिरीवरचा पंप आपोआप चालवायचा, हे कोकणातल्या प्रत्येक शिकणाऱ्याचं पहिलं स्वप्न. शिकताना रिलेच्या, म्हणजे बोर्डच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या बटणाच्या, पुढे बारा व्होल्टचा बल्ब लावा. २३० व्होल्टची जोडणी लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच, आणि ती जिवंत असताना बोर्डला लॅपटॉपची केबल लावायची नाही. ओल्या लादीवर अनवाणी बसून तर मुळीच नाही. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरात विजांचा कडकडाट सुरू झाला की ॲडाप्टर भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून उपयोग नाही.

पहिलं खरं काम, आणि पावसाळा

सुरुवातीला काजू, कोकम किंवा सुकी मासळी ठेवायच्या खोलीतला दमटपणा मोजा. दुकानात डीएचटी११ हा निळा सेन्सर पुढे करतील, पण त्याचं माप ८०-९० टक्क्यांच्या आसपास संपतं आणि आपला जुलै तिथूनच सुरू होतो. पांढरा डीएचटी२२ घ्या. तो शंभर टक्क्यांपर्यंत मोजतो. दोन वाचनांत किमान दोन सेकंद जाऊ द्या. मातीचा ओलावा मोजायचा असेल तर उघड्या दोन पात्यांचा सेन्सर नको, खाऱ्या जमिनीत त्याची पाती लवकर झिजतात. धातू उघडा नसलेला कपॅसिटिव्ह प्रकारचा घ्या आणि त्याच्या वरच्या कडेला, जिथे सर्किट उघडं असतं, नेलपॉलिशचे दोन हात द्या.

मिरग लागण्याआधी, आगोटीच्या इतर कामांबरोबरच, बोर्ड, जंपर आणि सेन्सर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह भरा. रंग बदलणारी जेल घेतलीत तर नारिंगी घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. लॅपटॉप मात्र डब्यात कोंडू नका. चार महिने तो दर दोन-तीन दिवसांनी तासभर चालवा. त्याची स्वतःची ऊब आतला ओलावा बाहेर काढते. काम झाल्यावर लगेच झाकण मिटू नका, गार होऊ द्या, मग भिंतीपासून हातभर दूर, सुती कापडाखाली ठेवा. तुमचे प्रोग्राम असतात त्या स्केचबुक फोल्डरची एक प्रत दर महिन्याला पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपपासून वेगळ्या खोलीत ठेवा.